शॅपरोन (प्रथिने)

रेणवीय शॅपरोन, किंवा नुसते शॅपरोन, ही पेशीतील इतर प्रथिनांना त्यांचा योग्य त्रिमितीय आकार घेण्यास, तो टिकवण्यास आणि इजा झाल्यास पुन्हा मिळवण्यास मदत करणारी प्रथिने होत. मराठीत ‘चॅपरोन’ असेही लेखन आढळते. जिवाणू, यीस्ट, वनस्पती आणि प्राणी अशा सर्व प्रकारच्या सजीवांत ती असतात. शॅपरोन प्रथिनाचा आकार ठरवत नाहीत. तो त्या प्रथिनातील अमिनो अम्लांच्या क्रमातच ठरलेला असतो. अर्धवट घडी पडलेल्या साखळ्यांना एकमेकींना चिकटू न देणे आणि चुकलेली घडी उलगडून प्रथिनाला पुन्हा संधी देणे, एवढेच त्यांचे काम असते. काम संपले की ती बाजूला होतात.

तापमान वाढल्यावर अनेक शॅपरोनांचे प्रमाण पेशीत झपाट्याने वाढते. त्यामुळे त्यांना उष्णता-आघात प्रथिने म्हटले गेले. ‘हीट शॉक प्रोटीन’ या नावावरून आलेले ‘एचएसपी’ हे संक्षिप्त रूप त्यांच्या नावांपुढे आजही लावले जाते. थॅलसेमिया, मोतीबिंदू आणि मेंदूचे अनेक विकार समजून घेताना शॅपरोनांचा विचार करावा लागतो. क्षय आणि प्लेगचे जिवाणू तसेच कर्करोगाच्या पेशीही याच मदतीवर जगतात.

नावाचा अर्थ

‘शॅपरोन’ हा शब्द मूळचा फ्रेंच आहे. युरोपातील उच्चभ्रू समाजात अविवाहित तरुणीबरोबर समारंभाला जाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीला शॅपरोन म्हणत. तरुणीने कोणाशी बोलावे हे ती ठरवत नसे. अयोग्य सलगी होऊ न देणे, एवढीच तिची जबाबदारी असे. मराठी समाजातील पाठराखीण हिच्याशी या कल्पनेचे बरेच साम्य आहे. नववधू प्रथम सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी स्त्री तिच्यासोबत जाते, नवख्या घरात तिला सांभाळून घेते आणि काही दिवसांनी परतते. ती त्या घरची होत नाही. शॅपरोन प्रथिनाच्या व्याख्येतही हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या प्रथिनाला मदत केली त्याच्या अंतिम रचनेत शॅपरोनचा समावेश नसतो.

प्रथिनाची घडी आणि पेशीतील गर्दी

प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची लांब साखळी. रायबोसोमवर ती एका टोकाकडून तयार होत बाहेर पडते. या अवस्थेत तिला काम करता येत नाही. साखळीला विशिष्ट वळणे आणि घड्या पडून ठरावीक आकार आला, तरच विकर रासायनिक क्रिया घडवते, हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते आणि प्रतिपिंड जंतूला ओळखते.

हा आकार कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिस्तियन आन्फिन्सेन यांच्या प्रयोगांनी दिले. रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो अम्लांच्या विकराची घडी त्यांनी रसायनांच्या साहाय्याने पूर्ण उलगडली. ती रसायने काढून टाकताच विकराने मूळ आकार आपोआप धारण केला आणि त्याचे कार्य पुन्हा सुरू झाले. आकाराची सर्व माहिती साखळीच्या क्रमातच असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. या कार्यासाठी आन्फिन्सेन यांना १९७२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

घडी कशी सापडते, हा प्रश्न मात्र उरला. साखळीत १०० जोड आहेत आणि प्रत्येक जोडाला केवळ तीन स्थिती शक्य आहेत असे धरले, तरी संभाव्य आकारांची संख्या ४८ अंकी होते. सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, साखळी हे सर्व आकार एकामागून एक तपासत बसली तर विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही. प्रत्यक्षात लहान प्रथिनांची घडी सेकंदाच्या अंशात पडते. याचा अर्थ साखळी वाटेल तशी चाचपडत नाही. अधिक स्थिर अवस्थांकडे उतरत जाणाऱ्या ठरावीक वाटांनी ती अंतिम आकाराकडे जाते.

आन्फिन्सेन यांचा प्रयोग पातळ द्रावणात, काचनळीत झाला होता. पेशीतील परिस्थिती वेगळी असते. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीद्रवात दर लिटरमागे सुमारे ३०० ते ४०० ग्रॅम मोठे रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रथिनातील काही अमिनो अम्ले जलविरोधी, म्हणजे पाण्यापासून दूर राहू पाहणारी असतात. घडी पूर्ण झाल्यावर ती प्रथिनाच्या आत झाकली जातात; घडी पूर्ण होईपर्यंत मात्र ती उघडी असतात आणि शेजारच्या साखळीच्या तशाच भागांना चिकटतात. मोकळ्या मैदानात लांब दोर गुंडाळणे सोपे असते. संध्याकाळच्या गर्दीत करी रोड स्थानकाच्या जिन्यावर कोणी तो गुंडाळू लागला, तर दोर इतरांच्या सामानात अडकणारच. पेशीतही अशा अडकलेल्या साखळ्यांचे निरुपयोगी, कधी कधी विषारी पुंजके बनतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तो अशाच पुंजक्यांमुळे. घडीची माहिती साखळीत असली, तरी त्या माहितीप्रमाणे वागण्यास लागणारी सवड आणि मोकळीक पेशीत आपोआप मिळत नाही. शॅपरोन ती मिळवून देतात.

शोधाचा इतिहास

या शोधाची सुरुवात एका फळमाशीपासून झाली. इटलीतील फेरुच्चो रिटोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या ऊती ठेवलेल्या उबवणी यंत्राचे तापमान अनवधानाने वाढले. त्या ऊतींतील महाकाय गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे रिटोसा यांना दिसले. फुगवटा हे त्या ठिकाणची जनुके कार्यरत झाल्याचे चिन्ह असते. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जनुकांपासून कोणती प्रथिने बनतात हे आल्फ्रेड टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. फळमाशीतील या प्रतिसादाचा दीर्घ अभ्यास भारतात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी केला.

‘रेणवीय शॅपरोन’ हा शब्दप्रयोग १९७८ मध्ये रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनासाठी केला. हे प्रथिन डीएनए आणि हिस्टोन यांचा अव्यवस्थित गुंता होऊ देत नाही. १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी या संज्ञेची व्याप्ती वाढवून इतरांना घडी घालण्यास मदत करणाऱ्या सर्व प्रथिनांना ती लागू केली. वनस्पतींच्या हरितलवकात रुबिस्को हे विकर जुळवण्यास मदत करणारे प्रथिन आणि विषाणूंच्या वाढीसाठी ई. कोलायला लागणारे ग्रोईएल हे प्रथिन एकाच कुळातील आहेत, हे १९८८ मध्ये स्पष्ट झाले.

१९८९ मध्ये फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉर्विच यांनी यीस्टच्या तंतुकणिकांवरील प्रयोगांतून निर्णायक पुरावा दिला. एचएसपी-६० हे प्रथिन निकामी झाले, तर बाहेरून आत आलेल्या साखळ्यांची घडीच पडत नाही, असे त्यांना आढळले. सजीव पेशीत प्रथिनांना मदतीची गरज असते, हे त्यावरून सिद्ध झाले. या दोघांना २०११ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

प्रमुख प्रकार आणि त्यांची कार्यपद्धती

शॅपरोनांची अनेक कुळे आहेत. कुळाच्या नावातील आकडा त्या प्रथिनाचे वस्तुमान हजार डाल्टनमध्ये साधारणपणे दर्शवतो.

एचएसपी-७०. रायबोसोममधून बाहेर पडणाऱ्या साखळीला भेटणाऱ्या पहिल्या मदतनीसांपैकी हे एक आहे. त्याचा एक भाग एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बांधून घेतो, तर दुसऱ्या भागात झाकण असलेली एक खाच असते. साखळीवरील सुमारे सात अमिनो अम्लांचा जलविरोधी तुकडा या खाचेत बसतो. एटीपी बांधलेला असताना झाकण उघडे असते. एचएसपी-४० हे साहाय्यक प्रथिन साखळी आणून देते आणि एटीपीच्या विघटनाला चालना देते. तसे होताच झाकण बंद होते आणि तो तुकडा शेजाऱ्यांपासून सुरक्षित राहतो. नवा एटीपी आला की झाकण उघडून साखळी मोकळी होते. मोकळ्या झालेल्या साखळीची घडी पडली तर काम संपते. न पडल्यास तीच फेरी पुन्हा होते. ई. कोलायमध्ये या प्रथिनाला डीएनएके म्हणतात.

शॅपरोनिन. हे पिंपासारख्या पोकळ आकाराचे मोठे शॅपरोन आहे. ई. कोलायमधील ग्रोईएलमध्ये प्रत्येकी सात घटकांची दोन कडी पाठीला पाठ लावून बसलेली असतात, म्हणजे एकूण १४ घटक. कड्याच्या तोंडाशी असलेले जलविरोधी भाग अर्धवट घडीच्या साखळीला पकडतात. मग एटीपी आणि सात घटकांचे ग्रोईएस हे झाकण येऊन बसते. त्याबरोबर पोकळीच्या भिंती फिरतात आणि जलविरोधी भाग आड जातात. साखळी भिंतीपासून सुटते आणि सुमारे १० सेकंद एका बंद खोलीत एकटी राहते. या अवधीत तिला चिकटण्यासाठी दुसरे कोणी नसते. सुमारे ६० हजार डाल्टनपर्यंतची साखळीच या खोलीत मावते. ग्रोईएलची स्फटिकरचना १९९४ मध्ये आणि ग्रोईएस झाकणासह असलेली रचना १९९७ मध्ये पॉल सिग्लर आणि हॉर्विच यांच्या गटांनी उलगडली. मानवी पेशीद्रवातील तत्सम शॅपरोनिनमध्ये १६ घटक असतात. पेशीचा सांगाडा घडवणारी अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन ही प्रथिने त्यावर अवलंबून असतात.

एचएसपी-९०. हे शॅपरोन नव्या साखळ्यांपेक्षा जवळजवळ तयार झालेल्या प्रथिनांना सांभाळते. संप्रेरकांचे ग्राही आणि पेशीच्या वाढीचे संदेश वाहणारी अनेक विकरे त्याच्या आधाराने कार्यक्षम राहतात.

लहान एचएसपी. यांना एटीपीची गरज नसते. उलगडू लागलेल्या प्रथिनाला ती धरून ठेवतात; घडी घालण्याचे काम नंतर एचएसपी-७० करते. डोळ्याच्या भिंगातील अल्फा-क्रिस्टॅलिन याच कुळातील आहे. ते शॅपरोनचे काम करते, हे १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवले. भिंगातील प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. वयाबरोबर त्यांना इजा होत जाते आणि अल्फा-क्रिस्टॅलिन त्यांना धरून ठेवते. त्याचा साठा संपत आला की प्रथिनांचे पुंजके प्रकाश विखुरू लागतात. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

एचएसपी-१००. पुंजके होऊ न देणे हे वरील शॅपरोनांचे काम. झालेला पुंजका सोडवणे हे या कुळाचे. यीस्टमधील एचएसपी-१०४ हे सहा घटकांचे कडे आहे. एचएसपी-७० च्या मदतीने ते पुंजक्यातील साखळीचे टोक पकडते आणि सुईच्या नेढ्यातून दोरा ओढावा तशी ती मधल्या छिद्रातून ओढून मोकळी करते. सुसान लिंडक्विस्ट यांच्या गटाने १९९० च्या दशकात हे कार्य उजेडात आणले. प्राण्यांच्या पेशीद्रवात एचएसपी-१०४ नसते. तेथे एचएसपी-७०, एचएसपी-४० आणि एचएसपी-११० मिळून हे काम करतात.

इजा आणि पुनर्प्राप्ती

घडी पडलेले प्रथिन फारसे मजबूत नसते. ताप, विषारी धातू, मद्यार्क किंवा प्राणवायूची क्रियाशील रूपे यांमुळे ते उलगडू शकते. ई. कोलायचे तापमान ३७ वरून ४२ अंश सेल्सिअस केले, तर काही मिनिटांतच शॅपरोनांचे उत्पादन वाढते.

मानवी पेशीत या प्रतिसादाचे नियंत्रण एचएसएफ-१ हे प्रथिन करते. एरवी शॅपरोन त्याला धरून ठेवतात आणि ते निष्क्रिय असते. बिघडलेल्या प्रथिनांची संख्या वाढली की शॅपरोन त्या कामात गुंततात. सुटलेले एचएसएफ-१ केंद्रकात जाऊन शॅपरोनांची जनुके सुरू करते. पुरेसे शॅपरोन तयार झाले की ते पुन्हा बांधले जाते. सौम्य उष्णता सोसलेली पेशी नंतरची तीव्र उष्णता अधिक चांगली सहन करते, ती या साठ्यामुळे. अंतर्द्रव्यजालिकेत अशीच एक स्वतंत्र व्यवस्था असते. तिच्या शोधासाठी काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना २०१४ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

प्रत्येक प्रथिन वाचवता येत नाही. वारंवार प्रयत्न करूनही घडी न पडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण केली जाते आणि प्रोटिआसोम हे यंत्र त्यांचे तुकडे करते. त्यातून सुटलेली अमिनो अम्ले नव्या प्रथिनांसाठी वापरली जातात.

उष्णतेला मर्यादाही आहे. तापमान फार वाढले तर शॅपरोन स्वतःच उलगडतात आणि एटीपी निर्माण करणारी यंत्रणा थांबते. मग पेशी पूर्वस्थितीला येत नाही. पाणी उकळून पिणे किंवा उष्णतेने जंतू मारून लस बनवणे या मर्यादेमुळेच शक्य होते.

परळ परिसरातील चार रोग आणि शॅपरोन

मुंबईतील करी रोड, लालबाग आणि परळ हा एकेकाळचा गिरणगावाचा भाग. प्लेग, क्षय, रक्तविकार आणि कर्करोग यांच्याशी झुंजणाऱ्या जुन्या संस्था याच भागात आणि शेजारच्या शिवडीत आहेत. या चार रोगांत शॅपरोनांची भूमिका चार वेगवेगळ्या प्रकारची दिसते.

प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेगचे जिवाणू वाढवून, उष्णतेने मारून ही लस बनवली जात असे. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या शरीरातून माणसाच्या ३७ अंश तापमानात आला की आपल्याभोवती एफ-१ या प्रथिनाचे आवरण बनवतो. पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे त्यामुळे अवघड जाते. एफ-१ च्या प्रत्येक घटकाची घडी स्वभावतःच अपुरी असते; तिच्यात एका पट्टीची उणीव असते. सीएएफ-१एम हे शॅपरोन स्वतःची पट्टी तेथे तात्पुरती घालून घटक स्थिर ठेवते. आवरण जोडले जाताना पुढच्या घटकाची पट्टी त्या जागी येते आणि शॅपरोन बाजूला होते. अशा रीतीने घटकांची लांब व अतिशय टिकाऊ साखळी बनते. हाफकिन यांच्या काळात यातील काहीही ज्ञात नव्हते. पुढे मात्र एफ-१ हे प्लेगविरोधी प्रतिकारशक्तीचे एक प्रमुख लक्ष्य ठरले.

क्षय. करी रोडच्या पूर्वेला शिवडी येथे महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचा जिवाणू ज्या पांढऱ्या पेशीने गिळला तिच्यातच तग धरून राहतो. तेथे त्याला आम्लता, प्राणवायूची कमतरता आणि क्रियाशील रसायने सोसावी लागतात. प्राणवायू कमी झाल्यावर तो अल्फा-क्रिस्टॅलिनच्या कुळातील एक लहान शॅपरोन मोठ्या प्रमाणात बनवतो. सुप्तावस्थेतील जिवाणूशी या शॅपरोनचा निकटचा संबंध आहे. क्षय आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूंविरुद्ध शरीर ज्या ६५ हजार डाल्टनच्या प्रथिनावर जोरदार प्रतिक्रिया देते, ते शॅपरोनिन असल्याचे १९८८ च्या सुमारास स्पष्ट झाले.

ई. कोलायमध्ये ग्रोईएलचे एकच जनुक असते. क्षयाच्या जिवाणूत अशी दोन जनुके आहेत. या शॅपरोनिनांच्या रचनेवर मूळचे नागपूरचे शास्त्रज्ञ शेखर मांडे यांनी महत्त्वाचे काम केले. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. केली. हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्रात काम करत असताना त्यांच्या गटाने २००४ मध्ये यांपैकी दुसऱ्या शॅपरोनिनची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. १४ घटकांच्या पिंपाऐवजी हे प्रथिन दोन घटकांच्या जोडीच्या रूपात आढळले. असे असूनही काचनळीत ते इतर प्रथिनांचे पुंजके होणे रोखू शकत होते. बंद खोलीवाचून शॅपरोनिन काम कसे करते, असा नवाच प्रश्न त्यातून उभा राहिला. पहिल्या शॅपरोनिनला फॉस्फेट गट जोडला गेल्यास अधिक घटक एकत्र येतात, असे याच गटाने नंतर दाखवले. मांडे यांना २००५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०११ पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक आणि २०१८ ते २०२२ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते.

थॅलसेमिया. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. थॅलसेमिया आणि सिकलसेल यांसारख्या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांवर तेथे काम चालते. प्रौढ माणसाचे हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांनी बनते. बीटा थॅलसेमियात बीटा साखळ्या कमी पडतात आणि जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्या साठतात. अशी मोकळी अल्फा साखळी अस्थिर असते आणि पेशीच्या पटलाला इजा करते. निरोगी स्थितीत ‘अल्फा हिमोग्लोबिन स्थिरकारी प्रथिन’ हे खास शॅपरोन तिला बीटा साखळी भेटेपर्यंत सांभाळते. ते २००२ मध्ये ओळखले गेले. थॅलसेमियात अल्फा साखळ्यांचा ओघ त्याच्या आवाक्याबाहेर जातो. शिवाय, लाल पेशी परिपक्व होण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाचे केंद्रकात रक्षण करणारे एचएसपी-७० या साखळ्यांत अडकून पेशीद्रवातच राहते, असे २०१४ मध्ये दिसून आले. परिणामी अनेक लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात आणि रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागते. शॅपरोन निर्दोष असूनही कामाच्या भाराखाली यंत्रणा कशी कोसळते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

कर्करोग. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. कर्करोगाच्या पेशीतील वाढीची अनेक प्रथिने उत्परिवर्तनामुळे अस्थिर झालेली असतात. एरवी ती मोडून नष्ट झाली असती. एचएसपी-९० च्या आधाराने ती टिकून राहतात. हा आधार काढून घेण्याच्या विचारातून एचएसपी-९० ला रोखणारी अनेक औषधे तपासली गेली. निरोगी पेशींनाही हे शॅपरोन हवे असल्याने दुष्परिणामांमुळे बहुतेक औषधे पुढे जाऊ शकली नाहीत. पिमिटेस्पिब या औषधाला मात्र जपानमध्ये २०२२ मध्ये पचनमार्गातील एका प्रकारच्या अर्बुदासाठी मान्यता मिळाली.

मेंदूचे विकार आणि वार्धक्य

मेंदूतील चेतापेशी सहसा विभागून नव्या होत नाहीत. त्यामुळे बिघडलेली प्रथिने त्यांच्यात वर्षानुवर्षे साचू शकतात. अल्झायमरच्या विकारात अमायलॉइड-बीटा आणि टाऊ, पार्किन्सनच्या विकारात अल्फा-सिन्युक्लीन, तर हंटिंग्टनच्या विकारात हंटिंग्टिन या प्रथिनाचे पुंजके आढळतात. वय वाढते तशी शॅपरोनांची प्रतिसादक्षमता घटते. हे विकार बहुधा उतारवयात दिसण्याचे ते एक कारण मानले जाते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत समीर माजी यांचा गट अल्फा-सिन्युक्लीनच्या पुंजक्यांचा अभ्यास करतो. हे प्रथिन आधी द्रवरूप थेंबांत एकवटते आणि कालांतराने ते थेंब घट्ट होऊन तंतू बनतात, असे त्यांनी २०२० मध्ये दाखवले.

उपचार

शॅपरोनांच्या अभ्यासातून ‘औषधी शॅपरोन’ ही कल्पना पुढे आली. ही प्रथिने नसून लहान रासायनिक रेणू असतात आणि प्रत्येक रेणू एखाद्या विशिष्ट प्रथिनाला योग्य आकारात स्थिर करतो. फॅब्री विकारातील काही रुग्णांसाठी मिगालास्टॅट आणि ट्रान्सथायरेटिन प्रथिनाच्या विकारासाठी टॅफामिडिस ही अशी औषधे वापरात आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या विकारात बहुसंख्य रुग्णांच्या एका प्रथिनातील ५०८ व्या स्थानावरचे अमिनो अम्ल गळालेले असते. प्रथिन काही अंशी काम करू शकले असते. पण घडी सदोष असल्याने पेशीची तपासणी यंत्रणाच ते नष्ट करते. घडी सुधारणाऱ्या औषधांच्या संयोगाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि अनेक रुग्णांची श्वसनक्षमता लक्षणीय सुधारली.

सर्वच शॅपरोनांचे प्रमाण सरसकट वाढवणे हा मात्र सोपा उपाय नाही. ज्या मदतीने चेतापेशी वाचते, तिच्यानेच कर्करोगाची पेशीही वाचते. शॅपरोन उघड्या पडलेल्या जलविरोधी तुकड्याला ओळखतात. ते प्रथिन शरीराला उपकारक आहे की अपायकारक, याची त्यांना पारख नसते. त्यामुळे कोणत्या पेशीत, कोणते शॅपरोन आणि किती प्रमाणात वाढवावे किंवा रोखावे, हा या क्षेत्रातील संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हेही पाहा

प्रथिने
अमिनो अम्ल
रायबोसोम
हिमोग्लोबिन
थॅलसेमिया
क्षयरोग
हाफकिन इन्स्टिट्यूट
शेखर मांडे